गाडीचा हँडब्रेक : ओळख, जुळणी आणि दुरुस्ती



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. मोठ्या विषयांवर लिहिणारी विद्वान मंडळी या पानांतून आपणास भेटतच असतात. आम्ही पडलो गाडीवाले. परंतु संपादक मंडळातील एका सदस्याने सांगितले की, "तुम्हाला जे येते तेच लिहा." एकेकाळी आपल्या वस्तीत कुणाच्या दारात सायकल असली तरी ती चार घरे मिळून वापरीत. आज अनेकांच्या दारात चारचाकी उभी आहे, आणि कित्येक तरुण बांधवांचे घर जीप, टेम्पो, टॅक्सीच्या चाकावर चालते. यांच्यापैकी बहुतेकांचे ज्या वस्तूकडे लक्ष नसते त्या हँडब्रेकविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही मान्य केले. त्याला कारणही तसेच घडले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबे मिळून अजिंठ्याची लेणी पाहावयास गेलो होतो. गाडी आमचीच, जुनी, सात माणसांची. लेणी पाहून झाली, फर्दापूरहून निघून घाट चढू लागलो. निम्म्या घाटात इंजिन तापले. तापलेले इंजिन एकदम बंद करू नये म्हणून आम्ही ते न्यूट्रलवर चालू ठेवले, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरलो. मागच्या सीटवर दोन मुले झोपलेली होती. आम्ही बॉनेट उघडत असतानाच गाडी हळूच मागे सरकू लागली. आधी वाटले, आपल्याला भास होतो आहे. मग एक हात, दोन हात, आणि तिने वेग घेतला. आमच्यासोबतचे एक गृहस्थ तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते. त्यांनी विचार करण्यात वेळ घालवला नाही. रस्त्याकडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सारला. गाडी धोंड्यावर चढते की काय असे वाटले, पण थांबली. कठडा तिथून फार लांब नव्हता. मुले जागीही झाली नाहीत.

आम्ही आत डोकावून पाहिले. हँडब्रेकचा दांडा पूर्ण वर होता, अगदी कमरेइतका. म्हणजे आम्ही तो ओढला नव्हता असे नाही. ओढूनही त्याने चाके धरली नव्हती.

घरी आल्यावर विचार केला, तेव्हा चूक लक्षात आली. आपला मानवतचा मुलूख सपाट. जिकडे पाहावे तिकडे काळे रान. कापसाच्या हंगामात मार्केट यार्डापुढे गाड्यांच्या रांगा लागतात, पण कुणाची गाडी घरंगळल्याचे ऐकिवात येत नाही. मानवत रोड स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जावे, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरावे, झाले. हँडब्रेक ओढला काय, न ओढला काय, गाडी जागची हलत नाही. त्यामुळे तो वर्षानुवर्षे ढिला होत गेला तरी कळावयास मार्ग नसतो. जिंतूरकडच्या डोंगरात किंवा अजिंठ्याच्या घाटात गेल्यावर तो एकदम उघडा पडतो, आणि तोवर शिकण्याची वेळ निघून गेलेली असते.

आता हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. पायाचा ब्रेक तेलावर चालतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. हँडब्रेकचा या तेलाशी काहीएक संबंध नाही. तो तारेवर चालतो, आणि बहुतेक मोटारींत फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. आपण दांडा ओढतो तेव्हा जे कट्-कट् आवाज येतात, ते दांड्याच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर खटका एकेक दात पुढे सरकतो त्याचे. बटण दाबले की खटका सुटतो. दांड्यापासून निघालेली केबल पुढे एका आडव्या पट्टीला मिळते, आणि तिथून दोन केबली दोन चाकांकडे जातात. ही पट्टी तराजूच्या दांडीसारखी असून ओढ दोन्हीकडे सारखी वाटण्याचे काम करते. चाकाच्या ड्रमच्या आत केबल एक छोटी लिव्हर ओढते, लिव्हर दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलते, आणि शूवरचे लायनर ड्रमला आतून घट्ट भिडतात. पायाचा ब्रेक हेच शू तेलाने ढकलतो, हँडब्रेक तेच शू तारेने ढकलतो. तेल गळून गेले तरी तार राहते, म्हणून याला आणीबाणीचा ब्रेकही म्हणतात.

जुन्या विलीज धर्तीच्या जीपगाड्यांत व्यवस्था निराळी होती. तिथे हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून गाडीच्या पोटाखाली, प्रॉपेलर शाफ्टवर असे, आणि ओढण्याची मूठ डॅशबोर्डाखाली छत्रीच्या मुठीसारखी. अशी जीप आजही कुणाकडे हौसेने जपलेली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागचे एक चाक जॅकवर उचलले की तिचा हँडब्रेक निरुपयोगी होतो. शाफ्ट जाम असला तरी डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळीक देते, आणि जीप जॅकवरून निसटते. पंक्चर काढताना यामुळे अपघात होऊ शकतो.

घाटातल्या प्रसंगानंतर आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. गाडीखाली शिरलो, केबलचा नट सापडला, पान्याने चांगला आवळला. दांडा चार खटक्यांत घट्ट येऊ लागला. आम्ही खूश. तीन आठवड्यांनी पाथरीला निघालो. गाडी ओढत नव्हती, पेट्रोलही जास्त लागत होते. पाथरी येईतो मागून जळका वास येऊ लागला. उतरून पाहिले तर डावे चाक इतके तापलेले की हात जवळ नेववेना. सोबतचा मुलगा पाणी ओतायला धावला, त्याला आम्ही थांबवले. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडले तर तो तडकू शकतो. तासभर गाडी उभी करून ठेवली.

ज्या मिस्त्रींनी नंतर गाडी खोलली त्यांनी आम्हाला जे सांगितले तेच या लेखाचे सार आहे. ते म्हणाले, "साहेब, दुखणे चाकात आणि औषध तारेला?" दांडा जास्त वर येतो याचा अर्थ केबल लांबली आहे असा दर वेळी नसतो. बहुतेक वेळा ड्रममधले लायनर झिजलेले असतात, त्यामुळे शूला ड्रमपर्यंत पोहोचायला जास्त अंतर चालावे लागते. हे अंतर चाकातच कमी करायचे असते. ते न करता केबल ताणली की आतली लिव्हर कधीच पूर्ण मागे येत नाही, शू अर्धवट उघडेच राहतात आणि ड्रमला घासत बसतात. शिवाय अनेक गाड्यांत लायनर झिजेल तसे अंतर आपोआप जुळवून घेणारा ॲडजस्टर असतो. केबल ताणलेली राहिली की त्याचेही काम बंद पडते. म्हणून आधी शू जुळवायचे आणि केबलला शेवटी हात लावायचा. हा क्रम उलटा करू नये.

ज्यांना हे काम स्वतः करावयाचे आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो. गाडी सपाट आणि टणक जागी घ्यावी. आपल्या काळ्या मातीत जॅक कधीही लावू नये, तो एका बाजूने खचतो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, हँडब्रेक सोडल्यावर आणि मागची चाके उचलल्यावर गाडीला धरून ठेवणारे हे ठोकळेच असतात. इंजिन पुढच्या चाकांना ओढ देत असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवता येते. मागच्या चाकांना ओढ असेल तर न्यूट्रलच करावी लागते, नाहीतर चाक फिरणार नाही. मग मागचा भाग उचलून दोन्ही बाजूंना घोडी लावावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. विटांवरही विश्वास ठेवू नये. वीट सांगून फुटत नाही.

आता दांडा पूर्ण खाली सोडावा आणि केबलचा नट थोडा ढिला करावा. ड्रमच्या मागील पत्र्यावर बहुधा रबरी बूच असते. ते काढले की आत दातेरी चक्री दिसते. स्क्रूड्रायव्हरने ती एकेक दात सरकवावी आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवून पाहावे. चाक अडेल इथपर्यंत न्यावे, मग मोकळे फिरेल इतके दात मागे घ्यावे. अगदी हलकी घासण ऐकू आली तरी चालते, पण हाताला जोर लागता कामा नये. दोन्ही चाकांना असेच करावे. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत एक चाक फिरवले की पलीकडचे उलटे फिरते, त्याने गोंधळून जाऊ नये. ज्या गाड्यांत चक्री आपोआप सरकते तिथे ड्रम बसवल्यावर पायाचा ब्रेक दहा-पंधरा वेळा दाबावा, शू आपले आपण जागेवर येतात. हे झाल्यावर केबलचा नट आवळावा. दांडा ओढताना पहिल्या एक-दोन खटक्यांत चाकाला घासण जाणवू लागावी, आणि साधारण पाच ते आठ खटक्यांत दोन्ही चाके जाम व्हावीत. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असून तो कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आमचा आकडा आणि पुस्तिकेचा आकडा वेगळा आल्यास पुस्तिकेचा धरावा. शेवटी दांडा पूर्ण सोडून दोन्ही चाके पुन्हा हाताने फिरवून पाहावीत आणि लॉकनट घट्ट करावा. हा लॉकनट विसरणारे पुष्कळ आहेत. आम्हीही एकदा विसरलो आहोत.

ड्रम खोललाच असेल तर आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या पाइपनेही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते हे आता सर्वमान्य आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. गॅरेजमध्ये कामाला असलेल्या आपल्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे, कारण दिवसभर ती धूळ तेच खातात.

जुळणी बरोबर असूनही ब्रेक धरत नाही, अशी तक्रार आली तर लायनरवर तेल आले आहे का ते पाहावे. चाकातल्या सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळते, किंवा एक्सलचे सील जाऊन गिअरचे तेल येते. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दोन दिवस बरे वाटते, मग आत मुरलेले तेल उष्णतेने वर येते. असे लायनर बदलावेत, तेही दोन्ही चाकांचे एकदमच, आणि गळती आधी बंद करावी. एकच चाक धरत असेल, तर मधली तराजूची पट्टी गंजून अडकली आहे किंवा एका बाजूची केबल आतून जाम आहे असे समजावे. दांडा वर राहतच नसेल, हात सोडताच खाली येत असेल, तर खटक्याचे दात झिजले आहेत. त्याला जुळणी नाही, तो भागच बदलावा लागतो. कुणी दांड्याला दोरी बांधून काम भागवताना दिसतात. त्याबद्दल काय बोलावे?

उलट तक्रार पावसाळ्यात येते. हँडब्रेक सुटतच नाही. आपल्या भागातला चिखल केबलच्या आवरणात शिरतो, सुकतो, आत गंज धरतो. ओढताना जोर असतो म्हणून केबल जाते, परत येण्यासाठी फक्त स्प्रिंगचा जोर असतो, तो पुरत नाही. गाडी आठ-पंधरा दिवस ओली उभी राहिली तर लायनर ड्रमला चिकटूनही बसतात. अशा वेळी इंजिनाचा जोर लावून गाडी फरफटत नेऊ नये. पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकून हलकेच पुढेमागे करावी, नाहीतर ड्रमवर लाकडी हातोड्याने बेताने ठोकावे. केबल गंजली असेल तर बदलणेच बरे. पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असल्यास हँडब्रेक ओढूच नये. गिअर टाकून चाकांना ठोकळे लावावेत.

डॅशबोर्डावरचा ब्रेकचा लाल दिवा दांडा सोडल्यावरही विझत नसेल, तर 'स्विच खराब झाला असेल' म्हणून दुर्लक्ष करू नये. अनेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही हाच दिवा लागतो. आधी तेलाची टाकी पाहावी, मग स्विचकडे वळावे.

मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांबाबत थोडे वेगळे सांगावे लागते. घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेली असते. त्या वेळी लावलेला हँडब्रेक, डिस्क गार होऊन आकसली की सैल पडू शकतो. म्हणून एक खटका जास्त ओढावा आणि गिअर टाकावाच. अलीकडे अनेक नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण आले आहे. बटण दाबले की मागे बसवलेली छोटी मोटर ब्रेक आवळते. अशा गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलताना ही मोटर ठरावीक पद्धतीने मागे न्यावी लागते. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे हात घालू नये. आमचे ज्ञान तिथे संपते, ते काम जाणकाराकडेच द्यावे.

गाडी उभी करण्याचीही एक रीत आहे. पायाचा ब्रेक दाबून न्यूट्रल करावे, हँडब्रेक ओढावा, मग पाय हळूच उचलावा. गाडी हलली नाही तर हँडब्रेक भार घेतो आहे हे कळते. त्यानंतर गिअर टाकावा. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स. आधी गिअर टाकून पाय उचलला तर सगळा भार गिअरवर जातो, आणि हँडब्रेक चांगला की वाईट हे समजतच नाही. अजिंठ्याच्या घाटात आम्ही पाय उचलून क्षणभर थांबलो असतो तरी गाडीने आम्हाला बसल्या जागी सांगितले असते. मानवतला चढ नाही म्हणणाऱ्यांनी सपाटीवर दांडा पूर्ण ओढावा, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडावा. इंजिन दबून बंद पडू लागले तर ब्रेक धरतो आहे. गाडी सहज पुढे निघाली तर गॅरेजकडेच न्यावी.

हा केवळ सावधपणाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ प्रमाणे वाहनाला पायाचा ब्रेक आणि उभे करण्याचा ब्रेक असे दोन स्वतंत्र व कार्यक्षम ब्रेक असावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२६ सांगते की, चालकाच्या जागी परवानाधारक माणूस बसलेला नसेल तर सार्वजनिक ठिकाणी इंजिन बंद करून, ब्रेक लावून अथवा अन्य उपाय योजून, वाहन आपोआप चालू लागणार नाही अशी खबरदारी घेतल्याशिवाय ते उभे ठेवता येत नाही. इंजिन चालू ठेवून पान खायला उतरणाऱ्या बांधवांनी हे कलम जरूर वाचावे. घाटात आम्हीही तेच केले होते.

चालत्या गाडीत पायाचा ब्रेक गेला तर काय करावे, असे आम्हाला नेहमी विचारतात. पेडल भराभर दाबून पाहावे, काही वेळा दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली उतरावे, इंजिनच गाडीला आवरते. हँडब्रेक ओढताना बटण अंगठ्याने दाबूनच ठेवावे आणि दांडा बेताबेताने वर घ्यावा, चाके घसरू लागली की सैल करता येतो. एकदम खेचला तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. आणि उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची खोड ज्यांना आहे, त्यांनी ती आजच सोडावी.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत जीप, ट्रॅक्टर, टेम्पो तासन् तास पावलापावलाने चालतात, दर चौकात थांबतात, आणि पुढे-मागे लहान मुले नाचत असतात. त्या दिवशी चालकाने जागा सोडायची नाही, आणि सोडलीच तर इंजिन बंद, हँडब्रेक, गिअर आणि ठोकळा, चारही. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून अडकवण्याची जी कडी असते ती आधी तपासून घ्यावी. शेतात वळताना ती सोडलेली असते आणि तशीच राहून जाते.

राहता राहिला तो धोंडा. त्याने आमची मुले वाचवली खरी, पण ट्रकवाले निघून जाताना असे दगड रस्त्यातच टाकून जातात आणि रात्री मोटारसायकलवाले त्यावर आपटतात. आम्ही बाभळीचे दोन ठोकळे सुताराकडून करून घेतले. चाकाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतके उंच, चाकाच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त रुंद, एका बाजूने तिरके कापलेले. दोन्ही एकाच दोरीला बांधले आहेत, म्हणजे काढताना चाकाजवळ हात न्यावा लागत नाही, बाजूला उभे राहून ओढता येतात, आणि एक रस्त्यात विसरून येत नाही. कुणास नमुना पाहावयाचा असल्यास तो आमच्या गाडीत सीटखाली असतो.